उजेड मोजणाऱ्या कुंदाताई

आमच्या शेजारच्या कुंदाताई घरत कैरीचं लोणचं घालतात तेव्हा बरणीला आधी ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळतात, त्यावर काळी चिकटपट्टी ओढतात आणि पट्टीवर पांढऱ्या पेनाने लिहितात : ‘कैरी. उजेड : चाळीस सेकंद.’ जगात लोक बरणीवर तारीख लिहितात. कुंदाताई लिहितात ते त्या फोडींनी आयुष्यात एकूण किती उजेड पाहिला ते.

नवीन पनवेलला चिकटून सुकापूर आहे आणि सुकापुरात आमची चार मजली सोसायटी. तिसऱ्या मजल्यावर आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून एक वाटी आली. चकचकीत कागदात तीन थरांनी गुंडाळलेली. माझ्या बायकोला, सुलभाला, वाटलं की नव्या घराची चांदीची भेट आली. तिने घाईघाईने हळदीकुंकवाचं तबक काढलं. तिसरा थर निघाल्यावर आत लोणच्याच्या चार फोडी आणि एक चिठ्ठी निघाली : ‘लवकर खा, नाहीतर लवकर झाका.’

कुंदाताई निवृत्त शास्त्रज्ञ. वय त्रेसष्ट-चौसष्ट, लग्न केलेलं नाही, अंगाने काटक, आवाज मात्र शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर पोचेल असा. उजेड पडला की जागी होणारी रसायनं असतात, त्यांचा शरीरातल्या पेशींवर काय परिणाम होतो, हे पाहण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तीही एका अंधाऱ्या खोलीत, एका मिणमिणत्या हिरव्या दिव्याखाली. कारण दिवा लावला तर प्रयोग सुरू व्हायच्या आधीच संपायचा. तिथे सहकारी तोंडावरून ओळखू येत नसत, पावलांवरून ओळखायचे. ती सवय अजून आहे. मी जिना चढत असलो की बंद दाराआडून आवाज येतो, “भाऊ, डावा गुडघा आज जास्त आहे.” मी डॉक्टरकडे जायच्या आत निदान झालेलं असतं.

त्यांच्या खिडक्यांना काळा कागद, फ्रीजमधला दिवा काढलेला आणि पर्समध्ये उजेड मोजायचं एक पिवळं यंत्र. ते यंत्र त्या कुठेही काढतात. लग्नात, बँकेत, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेत काढून त्यांनी भटजींना सांगितलं होतं की तुमच्या पोथीवर उजेड कमी पडतोय, डोळे जातील.

आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे. कुणी काहीही तक्रार सांगितली, की त्या मान तिरपी करून विचारतात, “किती वेळ? किती अंतरावरून?” मूळ प्रश्न दिव्याबद्दलचा. दिवा किती वेळ लावला आणि किती लांब होता, यावर सगळं ठरतं म्हणे. पण त्या तो सगळ्यालाच लावतात. एकदा मी जिन्यात सहज बोलून गेलो की काल सुलभा मला फार बोलली.

“किती वेळ?”

“तासभर.”

“किती अंतरावरून?”

“ती स्वयंपाकघरात, मी हॉलमध्ये.”

“मग गॅलरीत बसत जा,” त्या म्हणाल्या. “अंतर दुप्पट केलं की मारा चौपट कमी होतो.”

मी त्या दिवसापासून पेपर गॅलरीत वाचतो. विज्ञानाचा माझ्या संसाराला झालेला हा पहिला थेट उपयोग.

त्यांचं नेमकं काम काय होतं, हे मी एकदा विचारलं. मी छापखान्यात मुद्रितशोधन करतो, म्हणजे लग्नपत्रिका आणि शाळेची गाईडं यांतल्या चुका काढतो, आणि जमतील तेवढ्या स्वतःच्या घालतो. विज्ञान दहावीला पस्तीस मार्कांवर सोडलेलं. कुंदाताईंनी ते ओळखून स्वतःच्या घरचं उदाहरण काढलं.

“आमच्या आगरी लोकांची हळद पाहिलीय का कधी? लग्नाच्या आदल्या दिवशीची?”

पाहिली होती. कामोठ्याला एका पत्रिकेच्या गिऱ्हाइकाने बोलावलं होतं. कान अजून पूर्ण उघडलेले नाहीत.

“त्या मांडवात दोन चुलतभाऊ असतात,” त्या म्हणाल्या. “एकेकटे भेटले तर देवमाणसं. एकाचं नाव रंग, म्हणजे आमचं औषध. दुसऱ्याचं नाव उजेड. रंग नुसता शरीरात गेला, काही करत नाही. उजेड नुसता पडला, तोही काही करत नाही. पण दोघं समोरासमोर आले आणि शेजारी बँजो वाजत असला की सुरू.”

“बँजो कोण?”

“ऑक्सिजन. तो नसेल तर मारामारी होत नाही. तो असला की खुर्च्या उडायला लागतात. खुर्च्या म्हणजे पेशीतली प्रथिनं. कुणाची पाठ मोडते, कुणाचा पाय वाकतो, दोन खुर्च्या एकमेकींत अडकून बसतात. मग कुणालाच नीट बसता येत नाही.”

“आणि ते दुसरं काय ते, मायटोकॉन्ड्रिया?”

“आचारी,” त्या म्हणाल्या. “पेशीचा सगळा स्वयंपाक त्यांच्याकडे. आमचं औषध नेमकं आचाऱ्याच्या तंबूत जाऊन बसतं. तिथे मारामारी झाली, आचारी पळाला, की मांडव आपोआप आटोपतो. नको असलेली पेशी असली तर आपल्याला तेच हवं असतं.”

“मग तुमचं काम काय?”

“पहिली खुर्ची कुठली मोडते ते शोधणं.”

“सापडली?”

“दोन सापडल्या,” त्या अभिमानाने म्हणाल्या. “तिसरी वादात आहे.”

सव्वीस वर्षांत दोन खुर्च्या. मी सुलभाला म्हटलं, बघ, आणि तू मला म्हणतेस की तुमचं एक काम पुरं होत नाही.

गंमत अशी की ही काळोखात रमलेली बाई जन्मली ती लख्ख उजेडात. त्यांचं गाव उलव्याच्या बाजूचं आणि घरचं मिठागर. सूर्य जितका तापेल तितकं मीठ जास्त पिकायचं, म्हणून लहानपणी घरात ढगाला शिव्या असायच्या. आता तिथे भराव पडून विमानतळाच्या बाजूच्या इमारती उठतायत आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादूस म्हणतात, स्वतः इमारती बांधतात. दादूसने बंगला बांधला तो पुढून पूर्ण काचेचा. कुंदाताई वास्तुशांतीला गेल्या आणि यंत्र काढून दारातच थांबल्या. दादूस मला एकदा म्हणाले होते, “आमची बाय लय शिकली, पन नोकरी केली ती काळोखान. आमी अख्खा जलम उन्हान काढला आन हिला ऊन दिसलं की झाकन शोधते.” तक्रारीसारखं म्हणाले, पण म्हणताना गळ्यातली साखळी सरळ करून छाती पुढे काढली होती.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर गोष्ट आमच्या घरात शिरली.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिला पन्नास वर्षं मिश्रीची सवय, म्हणजे भाजलेली तंबाखू दाताला लावायची. घरात कुणी काही बोललं की ती म्हणायची, दात घासते रे, व्यसन नाही करत. मागच्या वर्षी तिच्या गालाच्या आतल्या बाजूला एक चट्टा उठला. तिने तो चार महिने लपवला. तिखट खाताना डोळ्यांत पाणी यायचं तेव्हा म्हणायची, सुलभाचा हात हल्ली सढळ झालाय. सुलभाने चार महिने मिरच्या कमी केल्या आणि शेवटी एक दिवस बॅटरी घेऊन आईच्या तोंडात बघितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी हसलं नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा आणि वरच्यावरच, कुठे पसरलेला नाही. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, गालाचा भाग कापून काढता येईल. आईने तिथेच पदर तोंडावर धरला आणि म्हणाली, “तोंड कापू देणार नाही. जायचं तर आख्ख्या तोंडाने जाईन.” मी समजावलं, सुलभा रडली, आई ढिम्म. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की चट्टा पातळ आहे म्हणून दुसरा एक उपाय इथे चालू शकतो. एक औषध शिरेतून द्यायचं, चार दिवस थांबायचं, मग त्या जागेवर ठरावीक लाल उजेड पाडायचा. आधी आणि नंतर काही दिवस मात्र उजेडाला जपायचं, कारण औषध सगळ्या अंगात असतं आणि ऊन लागलं तर कातडी भाजून निघते.

औषध आणि उजेड. दोन चुलतभाऊ. मी घरी आलो ते थेट कुंदाताईंच्या दारावर. मला वाटलं होतं, बाई आनंदाने फुलून येतील. आयुष्यभराचं काम समोरच्या घरात चालून आलं होतं.

कुंदाताईंनी ऐकलं. चेहरा उतरला. इस्पितळाचा कागद हातात घेतला, वाचला, घडी घातली.

“डॉक्टर सांगतात तसं करा,” त्या म्हणाल्या. “मला काही विचारू नका.”

“पण तुमचं तर हेच काम.”

“विचारू नका म्हटलं ना भाऊ.”

आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कुलूप. वॉचमन म्हणाला, मॅडम उलव्याला भावाकडे गेल्या, कधी येणार सांगितलं नाही. लोणच्याच्या फोडीला जपणारी बाई माझ्या आईच्या वेळेला पळून गेली. मी मनातल्या मनात त्यांना बरंच बोललो, आणि तेही अजिबात अंतर न ठेवता.

सोमवारी इंजेक्शन झालं. घरी यायला संध्याकाळची वेळ दिली होती. खाली येऊन टॅक्सी शोधतोय तर समोर दादूसची अजस्र गाडी उभी, आतून सगळ्या खिडक्यांना जाड चादरी लावलेल्या.

“आये, बस,” दादूस म्हणाले. “भ्यायचं काय नाय. आत लय काळोख हाय. बायनं सोता चादरी टाचून दिल्यान.”

“ती स्वतः का नाही आली?” आईने विचारलं.

दादूसनी मागची चादर नीट खोचली. आणि गाडी इतकी हळू चालवली की वाशीच्या पुलावर मागच्यांनी हॉर्नची हळद केली.

आता माझं कर्तृत्व सांगतो. इस्पितळाने दिलेल्या कागदावर पहिलीच ओळ ठळक होती : उजेड टाळा. मी ती ओळ वाचली आणि पेटून उठलो. आईच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून ताडपत्री, आतून दोन सतरंज्या. दाराच्या फटीला टॉवेल. इंटरनेटच्या डबीवरचे हिरवे ठिपके काळ्या पट्टीने बंद केले. फ्रीजमधला दिवा काढला, त्यात फ्रीजचं बटण तुटलं. आईला रेडिओ हवा होता, त्यावरचा लाल ठिपका बघून मी तोही जप्त केला. देवघर त्याच खोलीत. तिन्हीसांजेला आई निरांजन लावायला उठली, मी ते हातातून काढून घेतलं.

“देवाला पण नाही?” ती म्हणाली.

“कागदावर स्पष्ट लिहिलंय आई, उजेड टाळा.”

पहिल्या दिवशी ती मला हाका मारत होती. दुसऱ्या दिवशी सुलभाने भात चाचपडत भरवला, आईने दोन घास खाल्ले. तिसऱ्या दिवशी जेवली नाही. दुपारी मी आत गेलो तर काळोखातून तिचा आवाज आला, एकदम शांत. “मला जिवंत पुरलंस रे. आता शुक्रवारी मी कुठे येत नाही. तीन दिवस उजेडाला भ्यायला शिकवलंस आणि चौथ्या दिवशी तोच उजेड तोंडात घालणार म्हणतोस. नको मला. आहे तसं राहू दे.”

मी बाहेर येऊन पलंगावर बसलो. शुक्रवार हुकला तर सगळंच हुकणार होतं. औषध अंगात ठरावीक दिवसच कामाचं राहतं, आणि पुन्हा इंजेक्शन घ्यायला आई तयार होईल हे शक्यच नव्हतं. मग उरणार होतं फक्त कापणं, आणि ते ती करू देणार नव्हती. सुलभा माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात कुंदाताई. हातात पिशवी, केस विस्कटलेले.

“आईंचं पाऊल ऐकू येत नाहीये,” त्या म्हणाल्या. “मी अर्धा तास दाराशी उभी आहे. एकदाही चालल्या नाहीत.”

त्या सरळ आईच्या खोलीत शिरल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. तो काळोख बघून त्यांच्यासारख्या बाईलाही धक्का बसला असावा.

“हे कुणी केलं?”

“मी,” मी म्हणालो. मनात कुठेतरी शाबासकीची अपेक्षा होती.

“किती वेळ?”

“तीन दिवस.”

“कागद आणा.”

मी कागद आणला. हॉलमध्ये येऊन त्यांनी तो उलटा केला आणि माझ्या नाकासमोर धरला. मागच्या बाजूला सबंध तक्ता होता. पहिला दिवस : पडदे बंद, मंद दिवा चालेल. दुसरा दिवस : घरातला साधा दिवा, थोडा लांबून. तिसरा दिवस, चौथा दिवस, असं पंधरा दिवसांपर्यंत, रोज थोडा थोडा जास्त. आणि खाली चौकटीत : पूर्ण अंधारात राहू नये.

“तुम्ही काय काम करता म्हणालात, भाऊ?”

“मुद्रितशोधन,” मी म्हणालो.

सुलभा कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हसली. तिचं हसणं मला लागलं, पण बरंही वाटलं.

कुंदाताईंनी ताडपत्री स्वतः ओढून काढली. सतरंजीची एक कड कपड्याच्या चिमट्याने दुमडली. बोटभर उजेड आत आला. त्यांनी पिवळं यंत्र काढलं, आईच्या उशाशी धरलं, आकडा बघितला, चिमटा एका इंचाने सरकवला, पुन्हा बघितला. मग आईच्या पायाशी जमिनीवर बसल्या.

“आई, काळोखात हे औषध तसंच्या तसं बसून राहतं. थोडा थोडा उजेड मिळाला की तेच हळूहळू झिजतं आणि निघून जातं. एकदम ऊन नको, पण बंद पेटीही नको. निरांजन लावू का?”

“हा नाही म्हणतो.”

“ह्याला वाचता येत नाही,” कुंदाताई म्हणाल्या.

निरांजन लागलं. आईने हात जोडले, आणि हात खाली आणता आणता विचारलं, “कुंदा, खरं सांग. तू हे माणसांवर केलंयस का?”

मी डोळ्यांनी खुणा करत होतो की हो म्हणा. कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नाही आई. माझं सगळं काचेच्या बशीतलं. बशीत पेशी वाढवायच्या, त्यांना औषध द्यायचं, उजेड द्यायचा.”

“बशीतल्यांचं काय झालं?”

“मेल्या.”

सुलभाच्या हातातला पेला खाली पडला.

“मरायलाच हव्या होत्या,” कुंदाताई म्हणाल्या. “त्या रोगाच्याच होत्या. त्या कशा मरतात, आधी काय मोडतं, नंतर काय मोडतं, सगळं पाठ आहे मला. पण बशीत दुसरं काही नव्हतंच. गाल नव्हता, जीभ नव्हती, बोलणारं माणूस नव्हतं. त्यानंतर माणूस कसं बरं होतं ते मला माहीत नाही. ते तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे, त्यांनी बघितलंय. मी फक्त मरणं बघितलंय. म्हणून भाऊंनी विचारलं तेव्हा तोंडून शब्द फुटेना. म्हणून पळाले.”

मला वाटलं, संपलं, आता आई कूस बदलून भिंतीकडे तोंड करणार.

आई म्हणाली, “हे सगळे मला तुकडा काढल्यापासून सांगतायत, काही होत नाही आई, काही होत नाही. घाबरलेय म्हणणारी तू पहिली.” मग थोडं थांबून, “शुक्रवारी तू येणार असशील तर मी येते.”

“मी?”

“हा पठ्ठ्या कागद एकाच बाजूने वाचतो. कुणीतरी हवं.”

शुक्रवारी दादूसची गाडी पुन्हा आली. आई मागे, कुंदाताई तिच्या शेजारी, आणि मला पुढे बसवलं, विश्वास उडाल्यासारखं. इस्पितळात आत फक्त एकाला सोडणार होते. आईने कुंदाताईंकडे बोट दाखवलं. प्रत्यक्ष उजेड पाडायचं काम इतकं थोडक्यात झालं की बाहेर मी घेतलेला चहा अर्धाच संपला होता. एवढ्यासाठी एवढं, असं मला वाटलं. बाहेर आल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी होतं, चटका बसला होता, बोलता येत नव्हतं. कुंदाताईंचा हात तिने मनगटाजवळ इतका घट्ट धरला होता की दोघींची बोटं पांढरी पडली होती. कुणी कुणाला धरलं होतं, ते मला नीट कळलं नाही.

पुढचे दोन आठवडे सोपे नव्हते. गाल सुजला, आतून पांढरी खपली धरली, आई पेज आणि ताकावर राहिली आणि दुखलं की मला शिव्या द्यायची. पण रोज दुपारी चारच्या ठोक्याला कुंदाताई यंत्र घेऊन यायच्या. त्यांनी आईच्या खोलीत फरशीवर खडूने रेघा मारल्या. पहिली भिंतीजवळ, शेवटची खिडकीच्या अलीकडे, प्रत्येकीवर वाराचं नाव. आईची खुर्ची रोज एक रेघ पुढे सरकायची. मावशीचा फोन आला की आई सांगायची, “मी आज बुधवारपर्यंत आलेय.” मावशीला वाटलं, हिचं डोकं पण गेलं.

एक दिवस सुलभाने केर काढताना दोन रेघा पुसल्या. कुंदाताईंनी शांतपणे यंत्र काढून त्या पुन्हा मारल्या, पण त्या दिवशी त्यांनी चहाला नको म्हटलं. सुलभा तीन दिवस त्या रेघांना वळसा घालून केर काढत होती. मी तिला म्हटलं, माझ्या प्रुफांना कधी इतका मान दिला नाहीस. ती म्हणाली, तुमची प्रुफं कधी कुणाला खिडकीपर्यंत घेऊन गेली का.

महिना-दीड महिना गेला. खपली निघाली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तुकडा काढला, तपासायला पाठवला, आणि त्या आठवड्यात फोन वाजला की आम्ही तिघंही एकदम उठायचो. मग फोन आला. तुकडा स्वच्छ होता. तपासण्या अजून पुष्कळ होत्या, दर काही महिन्यांनी जायचं होतं, मिश्री कायमची बंद होती. पण आजच्या दिवशी स्वच्छ. सुलभा स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मी पेढे आणायला निघालो आणि दोन जिने उतरल्यावर लक्षात आलं की पायांत सुलभाच्या चपला आहेत. तसाच गेलो.

परत आलो तर कुंदाताई आमच्याकडे आलेल्या होत्या. फोनचं त्यांना कळलं होतं. आई खिडकीशी बसली होती, आता रेघबिघ काही नव्हती, सकाळचं ऊन सरळ मांडीवर. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. कुंदाताईंनी एक हातात घेतला, पण खाल्ला नाही. काहीतरी बोलायचं होतं. एवढ्या खणखणीत आवाजाची बाई, पण तोंडातल्या तोंडात बोलली.

“आई, एकदा आत बघू का?”

“बघ की.”

आईने खिडकीकडे तोंड करून आ केला. कुंदाताई वाकल्या. बॅटरी नाही, यंत्र नाही. दोन बोटांनी त्यांनी आईचा गाल जरासा बाहेर ओढला आणि बघत राहिल्या. एवढा वेळ बघत राहिल्या की मलाच भीती वाटायला लागली.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “गाल आहे.”

त्या सरळ झाल्या. पेढा त्यांच्या मुठीत चुरा झाला होता, त्यांना कळलंही नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, चष्मा काढून, पदराने काच पुसत. काच स्वच्छच होती.

आईने तोंड मिटलं, जबडा चोळला. मग तिने कुंदाताईंकडे पाहिलं.

“कुंदा, तू हे याआधी बघितलंच नव्हतंस ना गं? बरं झालेलं?”

कुंदाताईंनी मान हलवली. नाही.

आईने खुर्ची आणखी थोडी उजेडाकडे वळवली.

“मग नीट बघ,” ती म्हणाली. “मला कुठे जायचं नाहीये.” आणि तिने पुन्हा आ केला.